काकूंच्या वाडीअलीकडं थांबलेला बंधारा

एका साइटवर माणसं बरेच दिवस एकत्र राहिली की किस्से साठतातच. कोकणातला समुद्राचा बंधारा सोडून आम्ही कधीच परतलो, पण भांडगावला हायवेवर चहाला तिघं जमलो की विषय तोच. मी डंपरवर होतो, कवठे येमाईचे दत्तूमामा पोकलेनवर आणि कासुर्डीचा मिलिंद सुपरवायझर.

*

मामांनी समुद्र तिथंच पहिल्यांदा पाहिला. जेवून उठले, तर ओहोटीनं पाणी पार मागं गेलेलं. पाटकरी कॅनॉलचं पाणी कधी सोडतो, याची वाट बघण्यात सारा जन्म गेलेला माणूस! म्हणाले, "आवर्तन संपलं व्हय? पाटकऱ्याला फोन लावा!"

*

मिलिंदला घरची फार आठवण यायची. एकदा त्यानं लाटांचा आवाज ऐकवायला मोबाइल समुद्राकडं धरला. हायवेलगतच्या कासुर्डीहून लेक ओरडली, "पप्पा, हायवेवर आलात? मी येऊ का घ्यायला?"

त्या दिवशी मिलिंद जेवला नाही.

*

बंधाऱ्याची देखभाल कुणी करायची, यावर गावात मीटिंग भरली. खात्याचे साहेब म्हणाले, "बांधून देतो, पुढं ग्रामपंचायत बघेल." सरपंच म्हणाले, "दिवाबत्तीचं जमेना, समुद्र कुठून सांभाळू?" रिसॉर्टवाला म्हणाला, "मी टॅक्स भरतो!" मच्छीमार भडकले, "होड्या ओढायची वाट तुमच्या दगडांनी बुजवली, वर वर्गणीही आमचीच?"

मागून मामा उठले. "आमच्याकडं ज्याचं रान भिजतं, त्यानं पाण्याची चारी साफ करायची. सोपं हाय!"

किनाऱ्यालगत जनाकाकूंची माडांची वाडी. त्या ताडकन म्हणाल्या, "अरे, माझं रान भिजतंय म्हणूनच तर ओरडत्ये!"

सगळे हसले. ठरलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून मामा काकूंचे 'दत्तू' झाले.

*

फंड संपला तिथं बंधारा थांबला, काकूंच्या वाडीच्या जरा अलीकडं. पुढचा तुकडा कोणत्या खात्यानं करायचा, ते अजून ठरतंय.

आम्ही निघालो तेव्हा काकू माडाचं रोप घेऊन आल्या. "दत्तू, हे तुझ्या रानात लाव."

"काकू, आमच्याकडं हवा कोरडी. नारळ धरायचा न्हाई."

"न धरेना का. एक झाड तरी लांब असू दे."

मामांनी ते घरामागं लावलं. यंदा पावसाळ्यात काकूंचा फोन आला. वाडीतली शेवटची रांगही समुद्रात गेली होती. ते सांगून त्यांनी विचारलं, "आमचे माड सगळे दर्याकडे झुकायचे. तुझा कुठे झुकतो रे?"

मामा फोन कानाला लावूनच घरामागं गेले. म्हणाले, "तुमच्याकडंच, काकू. पश्चिमेला."

"मग बरा आहे," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

परवा मी कवठ्याला जाऊन आलो. माड सरळ उभा आहे.