बाबा गेले तेव्हा मी ऑनलाइन होते

माझ्या बापाला अग्नी दिला त्या दिवशी मी परदेशात एका बोटीवर उभी राहून फोटो काढत होते.

तो फोटो आज फेसबुकने परत समोर आणला. एक वर्षापूर्वी, याच दिवशी. मी गॉगल लावून, मागे बर्फाचे डोंगर. खाली एकशे चाळीस लाइक.

त्यातले निम्मे लोक त्या दिवशी दर्यापूरच्या स्मशानात होते.

माझ्या सख्ख्या मामाची कमेंट आहे, "एन्जॉय बेटा." वेळ दुपारी पावणेदोनची. म्हणजे खांदा देऊन घरी आला, आंघोळ केली आणि मग मला एन्जॉय म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी अकोल्याला शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मैत्रिणींसोबत पंधरा दिवस युरोप टूरला गेले होते. आयुष्यातला पहिला पासपोर्ट. आई गेल्यापासून बाबा दर्यापूरला दादा-वहिनीजवळ राहायचे. बाबा रिटायर्ड पोस्टमन.

निघताना सगळ्यांनी सांगितलं, फोटो टाकत जा.

बाबा म्हणाले, "फोन करत जाय बाई. फोटोतून आवाज येत नाई."

करत होते मी. रोज सकाळी, हॉटेलच्या वायफायवर, नाश्त्याच्या टेबलावरून. बाबा विचारायचे, पोळी भेटते का तिकडे? आज कोणतं गाव? मी गावाचं नाव सांगितलं की ते दोनदा म्हणून बघायचे.

आठव्या दिवसापासून बाबा फोनवर येईनात.

दादा म्हणाला, झोपलेत. दुसऱ्या दिवशी, कानाचं मशीन दुरुस्तीला टाकलंय. मग पुन्हा झोपलेत. त्यानंतर बाबा वरूडला कोणाच्या तरी लग्नाला गेले, आणि माझी टूर संपेपर्यंत तिकडेच राहिले.

बाबा अमरावतीच्या दवाखान्यात आयसीयूत होते. चार दिवस.

आणि मी? मी एकदाही म्हटलं नाही की कॅमेरा सुरू कर, मला बाबा दाखव. खाली बस उभी असायची. मला दादाचं खरं वाटलं, कारण ते खरं वाटून घेणं सोयीचं होतं. हे माझं आहे, ते मी कोणावर ढकलत नाही.

पण बाकीचं ढकलते.

आपल्याकडे कोणी गेलं की दहा मिनिटांत गावभर फोटो फिरतो. हार घातलेला, खाली दिवा. माझ्या बापाचा एक फोटो कुठे आला नाही. अख्ख्या गावानं तोंड दाबून धरलं. एवढी एकी मी दुसऱ्या कोणत्या कामात पाहिलेली नाही.

त्यासाठी व्हॉट्सअॅपवर नवा ग्रुप काढला होता. मी सोडून सगळे. माझा नवरासुद्धा त्यात होता.

मला नंतर मामेबहिणीने तिच्या फोनवर तो ग्रुप दाखवला. त्यात बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची छापलेली पत्रिका होती. तारीख माझ्या परतीच्या विमानावरून ठरवलेली. खाली 'शोकाकुल' म्हणून दादाचं नाव आणि त्याच्याखाली माझं.

मी शोकाकुल आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्या वर दादाचा मेसेज होता, "सुजाताच्या फोटोले लाइक करत जा, नाई तं तिले डाउट येईन."

तर ते एकशे चाळीस लाइक असे आलेत.

दादा नागपूरला विमानतळावर घ्यायला आला. तिथे बोलला नाही. बडनेऱ्याच्या गाडीत बसलो, धामणगाव गेलं. मी बॅगेतून बाबांसाठी आणलेली लोकरीची टोपी काढून त्याला दाखवत होते, तेव्हा तो बोलला.

मी किती वेळ काय बोलले मला आठवत नाही. समोरच्या बाईंनी पाणी दिलं एवढं आठवतं.

दादा म्हणाला, "तू येऊन काय करून घेतलं असतं? आयुष्यात एकदा निंगाली होती. म्हटलं पाहू दे पोरीले जग."

त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझ्यावर माया केली. आजही वाटतं. म्हणून त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

मी वर्षभर असं समजत होते की बाबा बेशुद्ध होते. तसंच सांगितलं होतं मला.

मागच्या महिन्यात वहिनी भाजी निवडता निवडता बोलून गेली. बाबा तीन दिवस शुद्धीवर होते. रोज माझं नाव घेत होते. सुजाताले फोन लावा म्हणत होते.

"मग?" मी विचारलं.

"तुमचे दादा म्हणे, बाबा, ती लय दूर हाये, तिचा फोन लागून नाई रायला."

"मग बाबा काय म्हणाले?"

वहिनीने निवडलेली भाजी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "म्हणे, मंग तार करा."

तार बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. बाबांना ते माहीत होतं. पण नोकरीत असताना आजारपणाची तार आली की ते बाकीचं टपाल बाजूला ठेवून आधी ती पोचवायचे, जेवण राहिलं तरी. उन्हात सायकलवर. शेवटी त्यांना तेवढंच आठवलं असेल.

श्रद्धांजली गेल्या वर्षी सगळ्यांनी वाहिली. भावपूर्ण वगैरे. मला ती वाहता येत नाही. मला फक्त एक गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे.

बाबा, माझा फोन लागत होता.

चारही दिवस लागत होता.