हळदीच्या मांडवातला बीपी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात मी पॅकिंग खात्याची सुपरवायझर आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्या पाकिटात नीट बसल्या की नाही ते बघत आले. स्वतः मात्र डोकं फुटायची वेळ आली तरी एक गोळी तोंडात टाकायची नाही, असा माझा बाणा. त्यामुळे कंपनीच्या आरोग्य तपासणीत नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली आणि भुवया वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा माझं काय चुकलं तेच मला कळेना.

"मॅडम, धावत आलात का?"

"नाही हो. केव्हाची इथेच बसलेय."

"कुणाशी भांडलात?"

"आज अजून नाही."

ती हसली नाही. बीपी चांगलाच वाढलेला होता आणि नाडी तर मी खुर्चीत बसलेली असताना मैदानावर पळत होती. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या खात्यात पोचली. "मॅडम, नमक बंद करो," एकाने सांगितलं. "मॅडम, गुस्सा बंद करो," दुसरा म्हणाला, आणि बाकीच्यांनी इतक्या जोरात माना डोलावल्या की मला राग आवरावाच लागला.

पालघरच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून वयाने लहान, आवाज एकदम शांत. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, थायरॉइडही बघून घेतलं, की धडधड दुसऱ्या कशाने नाही ना. मग दोन गोळ्या लिहून दिल्या, एक दाबासाठी आणि एक ठोक्यांचा वेग आवरायला. "रोज, ठरल्या वेळी. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. मीठ कमी, चहा कमी, झोप पुरी, आणि चाला."

मीठ कमी! माझं माहेर सातपाटीचं. आमच्याकडे बाळाला वरणभाताआधी मासळीचा वास कळतो. घरी आले तर नवऱ्याने माझ्या आधी पथ्य सुरू केलं होतं. हा माणूस एरवी चहाची कपबशी उचलायला विसरतो, पण त्याने लोणचं, पापड, खारवलेले मासे, फरसाण सगळं गोळा करून कपाटावरच्या सुटकेसमध्ये लपवलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडे काही मेलंय का.

पहिले काही दिवस जेवण म्हणजे कापूस चावणं होतं. मग मी हट्टाला पेटले. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोकम, वरून लिंबू, मीठ नावाला. हळूहळू जीभ वळली. सकाळी कॉलनीला फेऱ्या मारायला लागले आणि रविवारी आम्ही दोघं घिवलीच्या किनाऱ्यावर जायला लागलो. आणि खरं सांगते, छातीतली ती धडधड, जिला मी वर्षानुवर्षं माझा स्वभावच समजत होते, ती एक दिवस नव्हतीच. मी अंथरुणात हात छातीवर ठेवून पडून राहिले आणि कुणीतरी शेजारचा कर्कश रेडिओ बंद करावा तशी शांतता ऐकत राहिले. इतका आनंद झाला की लगेच उठून नवऱ्याला उठवलं. तो घाबरून बीपीचं मशीनच घेऊन आला. हे मशीन त्याने घरी आणलं होतं आणि त्यावर त्याचा जीव जडला होता.

अशात माझ्या भाच्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. सातपाटीची हळद म्हणजे नाचाशिवाय हळद नाही. मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं, "नाचू का?"

"नाचा की. धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबायचं."

हळदीच्या संध्याकाळी बँडवाल्यांनी सुरुवात केली आणि मी अंगात आल्यासारखी नाचले. वहिनीबरोबर नाचले, चुलत बहिणींबरोबर नाचले, नवरदेवाला खांद्याला धरून गरागरा फिरवला. नवरा कडेला पाण्याची बाटली घेऊन उभा होता, सामन्यातल्या पंचासारखा. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात माझ्या भावाला माझ्या कपाळावरचा घाम दिसला. त्याने दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "बंद करा! बँड बंद! ताईला बीपी हाय!"

बँड अर्ध्या सुरात थांबला. पिपाणीवाल्याचे गाल तसेच फुगलेले राहिले. मी म्हणाले, "अरे, मला काही होत नाही," पण ऐकतो कोण! चार बायकांनी मला उचलल्यासारखं करून खुर्चीवर बसवलं, आणि नवऱ्याने पिशवीतून, माझ्या भाच्याच्या आहेराशेजारून, ते मशीन काढलं.

"आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही," त्याने मांडवाला सांगितलं. "बसून शांत व्हावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय. नाहीतर आकडा चुकीचा येतो."

आणि सातपाटीच्या हळदीचा तो सगळा मांडव, जिथे कुजबुजही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते, तो गप्प बसला. पिवळ्या हातांनी, पिवळ्या गालांनी, सगळे माझ्या दंडाकडे बघत. नवरदेव डोक्यावरून हळद ओघळत पाटावर ताठ. मला आतून हसू फुटत होतं आणि नवरा डोळ्यांनी दटावत होता, हसलीस तर आकडा वाढेल. मुंडावळ्या बांधायला आलेल्या एका म्हाताऱ्या आत्याने तेवढ्यात मोठ्याने विचारलं, "गेली काय?" आणि मग मला आवरेना, मांडवालाही आवरेना.

शेवटी आकडा आला. नाडी नाचल्यामुळे जरा वर, बीपी एकदम बरा. नवऱ्याने घोषणा केली, टाळ्या वाजल्या, आणि बँडवाल्यांनी पहिल्यापेक्षा दुप्पट जोरात सुरुवात केली.

पण मशीन आता पिशवीत जाईना. "माजं बी बघा ना, जावई," असं म्हणत रांगच लागली. भावाचं बघितलं, ठीक. पिपाणीवाला बाजा काखेत धरून आला, तोही ठीक. मग आई आली. माझी आई सत्तरीची, बारीक, चिवट, आयुष्यभर दारोदार मासळी विकलेली, आता घरबसल्या सुकी मासळी विकणारी. दवाखाना तिने फक्त आमच्या बाळंतपणांना बघितलेला. ती नाचलीही नव्हती, नुसती खुर्चीत बसून कोण कुणाबरोबर नाचतंय ते बघत होती. ऐटीत हात पुढे करून म्हणाली, "बग, पोरीपेक्षा आय कशी टनटनीत हाय."

आकडा बघून नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने थांबून पुन्हा लावलं. मग दुसऱ्या हाताला लावलं. माझा पहिला आकडा परवडला, असा तो आकडा होता.

"मशीन बिगारला तुमचा," आईने निकाल दिला. "हलद लागली त्याला."

म्हणून भावाला पुन्हा बसवलं. त्याचा आकडा आधीसारखाच, छान. आई मशीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "म्हंजे मशीन बरा हाय नि मीच बिगारले?" आणि स्वतःच खो खो हसत सुटली. मला मात्र त्या क्षणी हसू आलं नाही. मी बाजूला जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, डोकं दुखतंय का, छातीत काही, धाप, हातापायात अशक्तपणा, बोलणं जड झालंय का? "बोलणं? नाही हो, बोलणं भरपूर चालू आहे," मी म्हणाले. यातलं काही झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर उद्या सकाळी इकडे आणा, असं त्यांनी सांगितलं.

"उद्या लगीन हाय!" आई म्हणाली.

"लग्न संध्याकाळी आहे, आये. डॉक्टर सकाळी."

सकाळी आई लग्नाच्याच तयारीत दवाखान्यात आली. हिरव्या बांगड्या, केसांत मोगरा, अंगावर हळदीचा रंग तसाच. बाकड्यावरचे पेशंट आपलं दुखणं विसरून बघायला लागले. "कुणाचं लग्न?" एका बाईंनी विचारलं. "माज्या नातवाचं. तुमी पन या," आईने सगळ्या बाकड्याला आवतण देऊन टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट तपासलं, एक गोळी सुरू केली आणि माझ्या वेळेसारख्याच मिठावर आल्या. "आजी, खारवलेले मासे खाता?"

"खाते म्हंजे? मी विकते ते."

"विका. पण खाऊ नका."

आईचा चेहरा उतरला. "मंग ओला मासा?"

"ताजा मासा चांगला. तळून नको, कालवणात, मीठ बेताने."

आई माझ्याकडे वळली. "ऐकलं? डाक्टर सोता सांगते, मासा खा!" त्या एका वाक्यावर तिने डॉक्टरीणबाईंना आपलं मानलं. लग्नात ती पहिल्या रांगेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की मला पण गोळी लागली, पोरीसारखीच.

आता सकाळी आमचे फोन ठरलेले. "गोली घेतली?" "घेतली. तू?" "मी तुज्या आदी." यात शर्यत लागते आणि ती बहुतेक वेळा जिंकते. आकडा उतरायला वेळ लागला, मध्ये एकदा गोळी बदलावी लागली, पण उतरला.

राहता राहिलं चालणं. "जनमभर डोक्यावर पाटी घेऊन चालले, आता मोकली चालू? लोक काय म्हनतील, म्हातारी बिनकामाची फिरते?" यावर तिने स्वतःच तोड काढली. मी परवा सातपाटीला गेले तर ती किनाऱ्यावर माझ्यापुढे झपझप चालत होती, डोक्यावर रिकामी पाटी. बाहेरगावचं एक जोडपं समुद्र बघायला आलं होतं. त्यातल्या बाईने हाक मारली, "मावशी, काय आहे ताजं?"

आईने थांबून पाटी खाली उतरवली, त्यांना आत बघू दिलं. "आज वारा हाय," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "किती देऊ?"

मी एका होडीला टेकून पोट धरून हसत बसले. ते जोडपंही हसायला लागलं. आईने पाटी पुन्हा डोक्यावर चढवली आणि मला ओरडली, "ऊठ, बाय! मधी बसायचं नाय, डाक्टरनी सांगितलंय," आणि माझी वाट न बघता पुढे निघाली.