पावणेतीनशे वॉट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला काहीही समजलात तरी संध्याकाळी तुमच्यासमोर बसून मला जेवायचं नाही.

मी झाशीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो. वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क; भुसावळहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. आई लवकर गेली. राहिलो वडील, मी आणि धाकटी बहीण कुमुद. क्वार्टरच्या दोन खोल्या, पण मिजास अशी, की विचारू नका. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जी मराठी घरं आहेत, त्यांना आम्ही हसायचो. पाऊस पडला की 'पाणी गिरतंय' म्हणणारी माणसं – ती कसली मराठी? अस्सल ते आम्ही. कुमुद स्वतः शाळेत आणि मैत्रिणींत तसंच बोलायची, हे मात्र आम्हाला ऐकू येत नसे.

अशाच एका घरातलं स्थळ तिला सांगून आलं. श्रीधर नाव. बी.एस्सी. झालेला, सदर बाजारात विम्याच्या ऑफिसात नोकरी. आईला घेऊन आला होता. तेल लावून चापून बसवलेले केस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि तोंडाला खळ नाही. माझ्या मनातून तो दारातच उतरला. कुमुदनं पोहे आणले, तर म्हणतो, "एकदम बढिया झालेत. अजून आहेत का?"

कुमुद हसली. खाली मान घालून नाही – चांगली मोकळी हसली.

द्वेष वाटला का मला? नाही हो. द्वेष करायला समोरचा निदान बरोबरीचा वाटावा लागतो. मला किळस आली. असल्या माणसाच्या बोलण्यावर माझी बहीण हसते? आणि वडीलही खुशीत. ते खुशीत आले म्हणजे जमलंच, हे मला दिसत होतं.

मे महिना होता. दुपारी व्होल्टेज पडलं, पंखा रखडत फिरू लागला. श्रीधर म्हणाला, "आमच्याकडे तर शामच्या वेळी हीटरवर चहापण उकळत नाही." वडील माझ्याकडे बघून हसले – "अरे, तुझ्याच विषयातले आहेत हे. विचार काहीतरी."

विचारलं. दोनशेवीस व्होल्टवर हीटर पाच अँपिअर घेतो. त्याचा रेझिस्टन्स किती, वॉट किती?

"चव्वेचाळीस ओहम. अकराशे वॉट." हातातली बशीसुद्धा खाली ठेवली नाही त्यानं.

"आणि व्होल्टेज पडून निम्मं झालं तर?"

"पावणेतीनशे वॉट."

वडिलांच्या कपाळाला आठी पडली. "पावणेतीनशे कसे? निम्मे ना? साडेपाचशे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

उत्तर बरोबर होतं. हीटरची तार तीच, रेझिस्टन्स तोच. व्होल्टेज निम्मं, म्हणून करंटही निम्मा. एकशेदहा गुणिले अडीच. वॉट म्हणजे या दोघांचा गुणाकार, म्हणून निम्म्याचं निम्मं. हे मी वर्गात दर वर्षी शिकवायचो, आणि साडेपाचशे म्हणणाऱ्या पोरांना बाकावर उभं करायचो.

"भाईसाहब," श्रीधर वडिलांना नाही, मलाच म्हणाला, "करंटपण आधा होतो ना, म्हणून –"

"वॉट निम्मे होतात," मी म्हटलं. "साडेपाचशे. एवढंही येत नाही? बी.एस्सी. कुठून केलीत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं – मला येत नाही असं नव्हे. मला येतंय, हेच त्याला कळलं होतं. त्याची आई पदराशी चाळा करत बसली. त्याला हवं असतं तर कागदावर मांडून दाखवता आलं असतं, दोन ओळींचं तर काम. मांडलं नाही. "आपण टीचर आहात, आपणच बरोबर असाल," म्हणाला आणि उठला. मला त्याचाही राग आला. भांडला का नाही तो? बघा – म्हणजे तोही दोष मी त्याच्याच पदरात टाकत होतो.

वडिलांनी नकार कळवला. डिग्री खोटी असणार, असं ते चार लोकांत बोललेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कुमुद कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, ते खरंच चूक होतं?"

ती फक्त होय-नाही विचारत होती. मी म्हटलं, "साफ चूक."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

पुढे स्थळं आली, गेली. मग यायची थांबली. वडील वारले. कुमुद आमच्याकडेच राहिली, प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझी बायको तिला चांगलं वागवते. शेजारच्या बायका कधी विचारतात – ताई, तुम्ही लग्न का नाही केलं? तेव्हा ती हसून एक गोष्ट सांगते. एक मुलगा बघायला आला होता, म्हणते, खूप शिकलेला म्हणून मिरवत होता, पण आमच्या दादानं एका प्रश्नात पकडला. नाहीतर फसले असते मी. दादाचं लक्ष होतं म्हणून वाचले.

बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी चहा पीत असतो. परवाही सांगितली तिनं ती गोष्ट. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं, जुनी गोष्ट आहे."