हातांनी उचलणारी मिनोरी

तीन वर्षांची नाओ आईकडे हात वर करून "घे ना" म्हणत नाही, हे तोकिकोच्या मनातून जाता जात नव्हतं. ओबोनला, पितरांच्या सणाला, लेक मिनोरी आणि नात तिच्याकडे कुरायोशीला आल्या होत्या. पोरीला झोप आली, तेव्हा तिने न्हाणीघरातलं बुटकं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली आणि मिनोरीच्या गळ्यात हात टाकले. आईला वाकता येत नाही, हे त्या एवढ्याशा जिवाला आपलं आपण कळलं होतं.

मिनोरी एकतीस वर्षांची. योनागोच्या एका वृद्धाश्रमात ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं सगळं करते. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा खाटेवर. दिवसाला तीसेक वेळा माणूस उचलायचा. तिथे झोळीचं यंत्र आहे. माणसाला झोळीत घालून कळ दाबली की ते अलगद उचलतं. पण मिनोरी त्याच्या दांडीवर ओले टॉवेल वाळत घालते. म्हातारी माणसं तिची वाट बघतात. "मिनोरी-चानच्या हातात मी पोतं नसते," असं नव्वदीच्या इसेआजी लाडाने म्हणतात.

पोत्याचं हे बोलणं तिथे मिनोरीनेच नेलं होतं, आणि ते मूळचं तोकिकोचं. तिनेही बावीस वर्षं हेच काम केलं. तिच्या वृद्धाश्रमात यंत्र आलं तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. "माणूस म्हणजे काय तांदळाचं पोतं? हाताला ऊब असते," असं ती घरी जेवताना सांगायची. शाळकरी मिनोरी घास हातात धरून ऐकत राहायची.

दुसऱ्या दिवशी तिघी मिनोरीच्या वडिलांच्या समाधीवर गेल्या. मिनोरी उभ्यानेच दगडावर पाणी ओतत राहिली.

"गवत तू उपट गं आई."

"मी बासष्टची, तू एकतीसची! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण लाजेने कंबर वाकत नाही." ती हसली, आणि हसता हसता तिने दगड घट्ट धरला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मणक्यातली गादी सरकलीय. सहा आठवडे वजन उचलू नका म्हणाले."

"मग?"

"चार दिवस रजा घेतली. आमच्याकडे माणसं कुठायत?"

"अगं, मग खाट कमरेइतकी वर घे, गुडघ्यात वाक, कमरेत नको. आणि ते यंत्र तरी वापर!"

"यंत्र? हे तू सांगतेस? तू उचललंस ना आयुष्यभर? काही झालं का तुला?"

तोकिको गवत उपटत राहिली. सदऱ्याखाली आवळलेला कमरेचा पट्टा तिच्या बरगड्यांत रुतत होता. पोटाला ऊब हवी म्हणून बांधते, असंच तिने घरात सांगितलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी वृद्धाश्रमातल्या ओकिबेआजींना हातांनीच टबातून काढताना तिच्या कमरेतून वीज गेल्यासारखं झालं आणि हात सुटले. आजींच्या मांडीचं हाड मोडलं. पडतानासुद्धा त्यांनी तोकिकोची बाही सोडली नव्हती. चार महिन्यांत त्या गेल्या. फरशी ओली होती, असं सगळे धरून चालले, आणि तोकिकोने ते तसंच राहू दिलं. पुढे गुडघ्यांचं निमित्त काढून तिने नोकरी सोडली. घरी मात्र हातांच्या उबेच्या गोष्टी सांगणं सोडलं नाही.

लेक परत गेल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. स्वतःच्या कमरेसाठी मिनोरी यंत्राला हात लावणार नव्हती; इसेआजींसाठी लावेल. त्यासाठी सगळं ओकिबेआजींपासून सांगावं लागणार होतं. ते ऐकल्यावर मिनोरीच्या मनातली आई उरणार नाही, हेही तिला स्पष्ट दिसत होतं.

बुधवारी मिनोरीची पाळी दुपारी असते. तोकिकोने नऊ वाजू दिले, नाओ बालवाडीत पोचली असेल एवढा वेळ जाऊ दिला, आणि फोन हातात घेतला.