सिलोन, काचेच्या तळाची होडी आणि हे

दाऊदने आमच्या ओटीवर पिशवीतून तो चष्मा बाहेर काढला, तेव्हा तो माणसाने घालायचा असेल असं मला वाटलंच नाही. काळं रबर, पुढे बशीएवढी काच, आणि सोबत वाकडी नळी. दाऊद ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. पनवेलच्या बाजारात त्याचं दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान होतं. कोलंबोला त्याचे चाचा मसाल्याचा धंदा करत. त्यांच्याकडे महिनाभर राहून तो नुकताच परत आला होता.

"यशवंता, हे डोळ्याला लावायचं, नळी तोंडात धरायची आणि पाण्यावर पालथं पडायचं," तो म्हणाला. "खाली जे दिसतं ना, खुदा कसम, मला सांगता येत नाही. तू मास्तर आहेस, तूच ये आणि सांग."

हे शाळेत शास्त्र शिकवत. त्यांनी चष्मा हातात घेतला, काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुमन, आपण जायचं."

एवढ्यावर आमचा परदेशप्रवास ठरला. हल्ली मंडळी फोनवर तिकिटं काढून मालदीवला बुड्या मारून येतात. त्यांना हे खोटं वाटेल, पण साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलहून सिलोनला मासे बघायला जायचं म्हणजे माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं लोक खरोखर विचारत. सासूबाई गव्हाणच्या, जन्म मिठागरावर गेलेला. त्या म्हणाल्या, "खारं पानी बगाया बोटीनं जाताव? आमचे खारीन काय पानी नाय? आनि हिला कशाला नेतंस? ही तं तल्याच्या पायरीव पन उतरत नाय."

ते खरं होतं. माझे वडील रेल्वेत असल्यामुळे मी वाढले भुसावळला. लग्न होऊन आले तेव्हा खाडी पहिल्यांदा पाहिली आणि भरतीचं पाणी चढताना बघून मला घाम फुटला होता. माझी त्यापुढची सगळ्यात मोठी सहल म्हणजे कर्नाळ्याचा किल्ला. ह्यांना मात्र पोहण्याचं वेड. माझी भीती घालवायचे त्यांनी दोन वर्षं प्रयत्न केले आणि मग तो विषय सोडून दिला होता.

तयारीला बरेच महिने लागले. पासपोर्टसाठी चौकशीला हवालदार घरी आले. कशासाठी जाताय, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी खरं ते सांगितलं.

"मासे बघायला? की आणायला?"

"बघायला."

"नुसते?" हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी चहा पिऊन टाकला आणि 'नातलगांना भेटण्यासाठी' असं लिहून घेतलं.

परकीय चलन त्या काळी इतकं थोडं मिळायचं की तिथे हॉटेलात राहणं शक्यच नव्हतं. चाचांचं घर होतं म्हणून जमलं. टोचून घेतल्याचा दाखला लागायचा. त्या सुईने माझा दंड चांगलाच सुजला. ह्यांचा सराव कृष्णाळे तळ्यात चालू होता. हे चष्मा लावून पालथे तरंगत आणि काठावर माणसं जमत. एकदा एका बाईने मोठ्याने विचारलं, "मेला का वो तो?" मी घरी निघून आले.

अखेर आम्ही तिघे निघालो. आधी एसटीने ठाणे, तिथून मुंबई, मग मद्रासची गाडी. डब्यात सासूबाईंनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी पहिल्या दिवशीच संपली. पुढे दहीभातावर काढलं. मद्रासहून धनुष्कोडीची गाडी. शेवटी शेवटी रुळाच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसू लागलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ते धनुष्कोडी आता नाही, समुद्राने ते घेतलं. मी जिथे बाकावर बसून लिंबू सोडा प्यायले, ते स्टेशनच पाण्यात गेलं, ही बातमी पुढे चौसष्टच्या वादळानंतर ऐकली.

बोटीवर मला इतक्या उलट्या झाल्या की सिलोन कधी आलं ते कळलं नाही. कोलंबोला चाचींनी दार उघडलं आणि अस्सल कोकणीत म्हणाल्या, "येवा, दमलाव ना?" मला रडू कोसळलं. त्यांनी सोलकढी दिली, मग आपल्या घावनासारखं पण वाटीच्या आकाराचं आप्पम आणि नारळाची लालभडक, झणझणीत चटणी. जाणाऱ्यांनी ती चटणी जपून खावी.

दाऊदने पाहिलेले पोवळ्याचे खडक होते दक्षिणेला, हिक्काडुवा गावात. कोलंबोहून तिकडे जाणारी रेल्वे समुद्राला अगदी खेटून जाते. गाव तेव्हा लहान होतं. नारळीची झाडं, चार होड्या, आणि वाळूवर जवळजवळ काहीच न घालता पडलेल्या गोऱ्या बायका. त्यांच्याकडे पाहून मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि दाऊद बिचारा दिवसभर नारळाच्या शेंड्यांकडे बघत चालला.

तिथे रॉनी नावाचा एक उंच, तांबूस केसांचा माणूस होता. त्याच्याकडे हवेच्या दोन टाक्या होत्या. पाठीला टाकी बांधायची, तोंडात रबरी नळी धरायची आणि सरळ तळाशी जायचं. दाऊदने सांगितलेल्या बेतात हे नव्हतं. त्याचा बेत चष्मा आणि नळीपुरताच होता. पण टाकी दिसल्यावर ह्यांना कोण थांबवणार? रॉनीने सकाळभर शिकवलं. दाऊद मला त्याचं इंग्रजी समजावून सांगत होता. हवा संपत आली की श्वास जड येतो. मग टाकीजवळची दांडी खाली ओढायची, म्हणजे राखीव हवा सुटते आणि वर यायला वेळ मिळतो. काही झालं तर पट्टे झटक्यात सोडायचे. ह्यांनी शाळेतल्या हुशार मुलासारखं सगळं म्हणून दाखवलं.

रॉनी आणि हे एका होडीतून पाण्यात उतरले, मी आणि दाऊद दुसऱ्या होडीत बसलो. आमच्या होडीच्या तळाला मध्यभागी जाड काच बसवलेली होती. होडीवाला म्हणाला, खाली बघा. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बघितलं.

आणि मी हात सोडले. खाली जे होतं त्याला समुद्र म्हणायला माझं मन तयार होईना. निळ्या, जांभळ्या फांद्यांची झाडी. मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे दगड. हळदीच्या रंगाचे मासे घोळक्याने वळत होते, सगळे एकदम. एक हिरवा मासा चोचीने दगड कुरतडत होता आणि त्याच्या तोंडातून रेती सांडत होती. माझ्या पायांखाली हे सगळं इतका वेळ चाललं होतं, आणि मी पाण्याला घाबरत आले होते! मी दाऊदचा हात ओढून ओरडले, "भावजी, तो बघा, तो बघा!" तो हसायला लागला.

मग खालून हे आले. रॉनी पुढे, हे मागे, तोंडाजवळून चांदीसारखे बुडबुडे. ह्यांनी वर पाहून हात केला. मीही हात केला. होडी त्यांच्या डोक्यावरून संथ सरकत राहिली. पाणी तीनेक पुरुष खोल असेल, पण इतकं नितळ की ह्यांच्या हातातली अंगठी दिसत होती.

थोड्या वेळाने रॉनी एका मोठ्या खडकाला वळसा घालून पलीकडे गेला. हे मागेच राहिले. मला वाटलं काहीतरी बघतायत. मग लक्षात आलं, हे पाय झाडतायत पण जागचे हलत नाहीत. खडकात कोळ्यांचं तुटलेलं जाळं अडकलेलं होतं, ते टाकीच्या वरच्या टोकात गुंतलं होतं. ह्यांचा हात मागे गेला, दांडी चाचपली, ओढली. काही झालं नाही. नंतर कळलं की पाण्यात उतरताना टाकी त्यांच्या होडीच्या काठाला घासली आणि दांडी तेव्हाच खाली ओढली गेली होती. राखीव हवा आधीच वापरून झाली होती.

बुडबुडे थांबले. तोंडातली नळी सुटली आणि सापासारखी वर तरंगू लागली. पट्टे सोडायचे, हे ते विसरले. ते नुसते वर, काचेकडे, हात पसरत होते.

काही म्हणजे काही आवाज नव्हता. माझ्या पायांखाली माझा नवरा बुडत होता आणि आजूबाजूला हळदीचे मासे तसेच वळत होते.

मी किंचाळले. दाऊदने काचेत पाहिलं आणि अंगातल्या कपड्यांनिशी उडी मारली. मी पाण्याचा पितळी तांब्या उचलला आणि काचेवर हाणायला लागले. होडीवाला माझ्यावर ओरडत होता, काच फुटली तर सगळेच बुडणार होतो. मला ते कळत होतं. मी हाणतच राहिले. खडकामागून रॉनीचं डोकं वळलं. तो ठणठणाट त्याला पाण्यात ऐकू गेला होता. तो आला, त्याने ह्यांच्या छातीवरचे पट्टे सोडले, दाऊदने बगलेत हात घातले, आणि टाकी तिथेच जाळ्यात लटकती ठेवून ते ह्यांना वर आमच्या होडीत घेऊन आले.

ह्यांचा चेहरा शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा दिसत होता. रॉनीने त्यांना पालथं घालून पाठ दाबली, दाबतच राहिला. दाऊद कलमा म्हणत होता. मी ह्यांचे तळपाय चोळत होते, ते गार होते. मग ह्यांना एक उबळ आली, पाणी पडलं, पुन्हा पडलं, आणि त्यांनी असा श्वास घेतला की तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टरांनी ह्यांना थोडे दिवस झोपवून ठेवलं. खांद्यावर पोवळ्याने कापलं होतं, ती जखम बरेच दिवस चिघळली. दाऊद उठताबसता म्हणायचा, "भाभी, मी बोलावलं नसतं तर?" मी त्याला दर वेळी एकच सांगितलं, "तुम्ही उडी मारली नसती तर?" तरी तो पुन्हा तेच विचारायचा.

घरी परतलो. सासूबाईंना आम्ही फक्त मासे सांगितले, बाकी काही नाही. ह्यांनी चष्मा दाऊदला परत देऊन टाकला. ते पुन्हा पोहायला गेले नाहीत, आणि मी त्यांना जा म्हटलं नाही.

जे अशा सहलीला निघणार आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. जरूर जा. ते रंग बघायला हवेतच. पण पाठीवरची दांडी, नळी, जे काही असेल ते पाण्यात शिरण्याच्या क्षणी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या, आणि सोबत्याला नजरेआड करू नका.

परतल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी दुपारी मी मागल्या दारी तांदूळ निवडत होते. हे शेजारी येऊन बसले. त्या दिवसाबद्दल तोवर आम्ही एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मी तुला बघितलं होतं," हे म्हणाले. "खालून. काचेला चेहरा टेकलेला, तोंड सताड उघडं, आणि ठणठण वाजवत होतीस. मला वाटलं, तू हसतेयस."

माझा हात सुपातच राहिला.

"खरंच. वाटलं, मजेत वाजवून मला बोलावतेय. आणि इतकं बरं वाटलं मला, सुमन. म्हटलं, चला, हिची पाण्याची भीती गेली एकदाची. मग पुढचं काही आठवत नाही."

"अहो, मी ओरडत होते."

"हो," हे म्हणाले. "ते वर आल्यावर कळलं."