‘आय ॲम टू ओल्ड’ म्हणणाऱ्या शोभनाताई

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात कुणी शोभनाताईंच्या पुरणपोळीचं कौतुक केलं, की त्या हमखास म्हणायच्या, “छे हो, आज जरा बिघडलीच.” आपल्याच तोंडाने आपली आरती ओवाळायची नाही, हे वळण अंगात इतकं मुरलेलं, की ब्रेकची चाचणी करणाऱ्या कंपनीत अर्धं आयुष्य काढूनही त्यांनी स्वतःबद्दल एक बरा शब्द उच्चारला नव्हता. तीच नम्रता त्यांना भोवली.

नवा मॅनेजर आला, नवं सॉफ्टवेअर आलं. शोभनाताई ते सगळ्यांआधी शिकल्या, आणि वर हसून म्हणाल्या, “आय ॲम टू ओल्ड फॉर धिस!” आपल्याकडे यावर समोरचा “काहीतरीच काय!” म्हणतो. या अमेरिकन बाबाला कुठलं ते कळायला? त्याने ऐन थंडीत त्यांना घरी बसवलं. जमत नसल्याचं यांनीच कबूल केलंय, असं कारण दिलं आणि जागेवर एक तरुण पोरगा आणला.

मैत्रिणीची मुलगी रुही, इथेच जन्मलेली, नोकरदारांच्या बाजूने लढणारी वकील. बातमी कळताच ती येऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली.

“काकू, वय बघून काढणं इल्लीगल आहे. आपण कम्प्लेंट फाइल करू.”

“अगं, पण मीच म्हणाले ना तसं.”

“मग आता जे खरं आहे ते म्हणा. दॅट पार्ट मी नाही करू शकत.”

तक्रार झाली, तडजोडीची बैठक ठरली. तिथे मध्यस्थ बाईंनी विचारलं, तुमचं काम कसं होतं? “ठीक” हा शब्द शोभनाताईंच्या अगदी ओठांवर आला होता. समोर मॅनेजर बसलेला. आता गप्प बसलो तर गेलेली नोकरी तर परत मिळणार नाहीच, वर आपण कुचकामी होतो हेही कायमचं खरं ठरेल, हे त्यांना उमगलं.

“आय वॉज गुड,” त्या म्हणाल्या. मग मान वर केली. “नो. आय वॉज द बेस्ट यू हॅड.”

त्यानंतर कामाबद्दल त्या इतकं बोलल्या, की रुहीला तोंड उघडावंच लागलं नाही. संध्याकाळपर्यंत कंपनीने त्यांना कामावर परत घ्यायचं मान्य केलं.

बाहेर गाडीत त्यांचे यजमान राजाराम वाट बघत होते. शोभनाताई शेजारी बसल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या. ते घाबरले.

“काय झालं? नाही म्हणाले का?”

“घेतलं परत,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “पण अहो, मी जे बोलले ना, ते खरंच होतं हो.”