सगळ्या भिंतींचा पेपर

शिरवण्यात गोटीरामांच्या प्रियाचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग आवाज जरा खाली घेतात. हसतात ते तिच्या फटकळ तोंडाला, आणि आवाज खाली घेतात कारण ती मागूनच येत नसेल याचा नेम नाही. वय चौतीस. नेरूळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती सिव्हिल शिकवायची, दरवर्षी जूनमध्ये नवं कंत्राट मिळालं तर पुढचं वर्ष. लग्न झालेलं नाही, हा गावाचा प्रश्न आहे, तिचा नाही. तिच्यापुढे प्रश्न एकच होता. मान्यताप्राप्त जर्नलमध्ये तिचा एक पेपर छापून यायला हवा होता. आला तर नोकरी कायम, नाही तर रामराम.

प्रियाची दहावी गावच्या मराठी शाळेतली. पहिला पेपर तिने लग्नपत्रिकेसारखा लिहिला होता. आधी कुलदैवत, मग वडीलधारी, मग समस्त भाऊबंद आणि कार्य काय आहे ते अगदी तळाला. चार पानं सिमेंटचा इतिहास, मग प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आभार, आणि प्रयोग उरलेल्या अर्ध्या पानात. जर्नलने तो परत पाठवला तेव्हा सोबत एवढंच कळवलं की तुम्ही नेमकं काय केलंत ते आम्हाला सापडलं नाही. दुसरी एखादी रडली असती. प्रिया दोन दिवस त्या जर्नलच्या नावाने बोटं मोडत होती, आणि तिसऱ्या दिवशी छापून आलेले पेपर पुढ्यात घेऊन, कात्रीने कापून, कुठला तुकडा कुठे बसतो ते बघत बसली.

बघता बघता तिला उमगलं ते असं. आधी आपल्याला काय विचारायचं होतं ते सांगायचं. मग काय केलं ते असं सांगायचं, की आपण मेलो तरी दुसऱ्या कोणाला ते जसंच्या तसं करता यावं. मग काय दिसलं ते, आणि सगळ्यात शेवटी आपल्याला काय वाटतं ते. दिसलेलं आणि वाटलेलं एका ताटात वाढायचं नाही. कृती नीट उतरली का हे बघायला तिने आपलं पान तिसऱ्या वर्षाच्या पोरांच्या हाती दिलं आणि तोंडाने एक अक्षर न सांगता निघून गेली. पोरांनी जे कालवलं होतं ते दुसऱ्या दिवशी छिन्नीनेही फुटेना. पोरांवर ओरडायला तिने तोंड उघडलं, पण चूक पोरांची नव्हती, पानाची होती, म्हणून पान नव्याने लिहिलं.

विषय तिच्या घरातच होता. शिरवण्याची जमीन खाडीकाठची, खारी. भिंतींना खालून लोणा लागतो, म्हणजे पांढरा खार वर चढतो, गिलावा फुगतो आणि पोपडे पडतात. गोटीरामांनी शेती गेल्यावर एक चाळ बांधली होती, भाडेकरूंच्या बारा खोल्यांची. प्रियाने सिमेंटच्या गिलाव्यात भाताच्या तुसाची राख मिसळून बघायचं ठरवलं. प्रत्येक खोलीची एकेक भिंत घेतली, अर्धी भिंत साध्या गिलाव्याची आणि अर्धी राखेच्या. हिवाळ्यात काम झालं, आणि मे महिन्यापर्यंत राखेच्या बाजू अशा गुळगुळीत राहिल्या की हात फिरवत राहावं.

प्रिया म्हणत होती, एक पावसाळा जाऊ दे. पण गोटीरामांना दम कुठला? प्रियाचा चुलतभाऊ हरेश याचं लग्न ठरलं होतं. त्याने घरातला हॉल नव्याने करून घेतला, तो या राखेच्या गिलाव्याचा. हळदीला सगळं गाव जमलेलं असताना गोटीरामांनी त्या भिंतीवर थाप मारून जाहीर केलं की माझ्या पोरीने लोण्यावर औषध काढलंय. पोरीच्या कौतुकाने म्हातारा नुसता फुलून गेला होता. मग काय विचारता, गोटीरामांच्या स्वतःच्या खोलीपासून ज्याच्या त्याच्या घरी राख कालवली जाऊ लागली.

दिवाळीच्या सुमारास चाळीतल्या तीन खोल्यांत राखेची बाजू फुगली. नुसती फुगली नाही, शेजारच्या साध्या गिलाव्याच्याही वरताण फुगली आणि विटेपर्यंत सुटून आली. प्रिया त्या तीन भिंतींचे फोटो घेऊन विभागप्रमुख केयूर सरांकडे गेली. पेपरवर तिच्याआधी त्यांचं नाव होतं. सर माणूस गोड. त्यांनी समजावलं की या तीन खोल्या गटाराच्या बाजूच्या आहेत, त्या धरायच्याच नाहीत, नऊ भिंतींचा आलेख बघ किती देखणा येतो. सगळेच असं करतात, असंही ते म्हणाले. ही गोष्ट मात्र खरी होती.

"सर, त्या तीन खोल्यांत माणसं राहतात," प्रिया म्हणाली. "गावात निम्मी घरं गटाराच्याच बाजूला आहेत. त्यांना मी कुठे बाजूला काढू?"

सरांचा गोडवा तेवढ्यात संपला. असा पेपर धाडायचा असेल तर त्यावर माझं नाव नको, आणि जूनमध्ये तुझी फाईल माझ्याच टेबलावर येणार आहे, हे त्यांनी तिला आठवण करून दिल्यासारखं सांगितलं. प्रियाने त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला, त्यांचं नाव खोडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली. ती संतापली होती. बारा भिंतींचा पेपर त्याच संध्याकाळी एकटीच्या नावाने गेला.

जर्नलचं उत्तर आलं ते तिला आवडलं. लिखाण स्वच्छ आहे असं परीक्षकाने म्हटलं होतं. पण सगळ्या भिंती एकाच चाळीतल्या, एकाच छपराखालच्या. दुसऱ्या घरांत काय झालं? ते दाखवलंत तर छापू.

दुसरी घरं म्हणजे अख्खं गाव होतं. प्रिया दारोदार फिरली. जिथे जाईल तिथे चहा मिळाला आणि भिंत एक नंबर असल्याचा निर्वाळा मिळाला. एकाही घरात लोणा नाही, एकही पोपडा नाही. आपल्याच चाळीचं नशीब फुटकं, असं म्हणत ती हरेशकडे पोचली, आणि हॉलमध्ये शिरताच थबकली. फ्रिज भिंतीच्या मधोमध उभा होता. जवळपास प्लग नव्हता, वायर दारावरून फिरवून आणलेली होती. मग तिला आधीची घरं आठवायला लागली. एकाकडे होऊन गेलेल्या लग्नाचा बॅनर अजून भिंतीवर होता, दुसऱ्याकडे पलंग उभा करून ठेवला होता. तिने फ्रिज सरकवायला सांगितलं.

"जाऊ दे ना, ताई," हरेश म्हणाला. "काकांनी भर हळदीत शब्द दिलाय. काकांना वाईट वाटंल."

म्हणजे अख्ख्या गावाने गोटीरामांच्या मानापोटी आपापल्या भिंती झाकल्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. प्रियाला त्यांची माया कळली आणि त्याच वेळी डोकंही फिरलं. केयूर सर स्वार्थापायी तीन भिंती लपवत होते, आणि ही भली माणसं मायेपायी गाव लपवत होती. पेपरच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

घरी येऊन ती वडिलांवर बरसली. आई, यशोदाबाई, मधे पडली तर तिलाही ऐकावं लागलं. तुमच्या शब्दापायी मला कोणी खरी भिंत दाखवत नाही, मी खोटा पेपर लिहायला नकार देऊन नोकरीवर पाणी सोडायला निघाले आणि इथे गावच मला खोटं लिहायला लावतंय, असं बरंच काही ती बोलली. गोटीराम उठून आपल्या खोलीत गेले. लोखंडी कपाट सरकवल्याचा आवाज आला. ते कपाट त्यांनी पावसाळ्यानंतर जागचं हलवलं होतं, पलंगावर ऊन येतं असं सांगून. मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत उघड्या विटा होत्या आणि जमिनीवर गिलाव्याचा चुरा साचला होता.

"लाज मना वाटली, म्हनून मी झाकली," गोटीराम म्हणाले. "तू नको झाकू, बाय. हिला पन लिव."

प्रियाने फोटो काढला, कारण तेवढंच तिला त्या क्षणी येत होतं.

सकाळी गोटीराम तिच्या पुढे चालत होते. हरेशच्या हॉलमध्ये उभं राहून त्यांनी फ्रिज सरकवायला सांगितलं. लोक काय बोलतील, असं हरेश पुटपुटला.

"बोलतील, गोटीरामची पोर सांगते ता खरं सांगते. सरकव."

त्या आठवड्यात गावातला एकेक बॅनर उतरला, पलंग आडवे झाले. काही भिंती खरंच चांगल्या होत्या, त्याही तिने लिहिल्या. बहुतेक फुटलेल्या होत्या.

जूनमध्ये कंत्राट आलं नाही. ऑगस्टमध्ये पेपर आला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की ओल असलेल्या खाऱ्या जमिनीवर तुसाची राख लोणा थांबवत नाही, उलट गिलावा लवकर सुटतो. तो घेऊन ती दुसऱ्या एका कॉलेजात मुलाखतीला गेली. तिथल्या गृहस्थांनी पेपर चाळला, चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे तुमचा प्रयोग फसला?"

"फसला, सर," प्रिया म्हणाली. "माझ्या बापाच्या घरात फसला, भावाच्या घरात फसला. आता हे वाचून तुमच्या घरात फसणार नाही."